मैत्रिणीने पैसे परत पाठवले

प्रिय ताई,

गोव्यात डिचोलीकडच्या एका वाड्यावर तुम्ही दोघी एकत्र वाढलात. तुमचे वडील खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, तिचे ट्रकवर. तुम्ही शिकलात, पणजीजवळ पर्वरीला फ्लॅट घेतलात. यंदा जत्रेत ती बऱ्याच वर्षांनी भेटली. नवऱ्याचा ट्रक विकला गेलाय, तो आजारी असतो, ती रोज बसने पर्वरीला येऊन दोन घरचा केर-लादी करते. तुम्ही त्याच रात्री तिच्या फोनवर दहा हजार रुपये पाठवलेत. सकाळी ते जसेच्या तसे परत आले. 'देव बरें करूं, पण नको.' त्यानंतर ती फोन उचलत नाही, आणि तुम्ही विचारता, माझे काय चुकले?

घाई झाली, ताई. न मागता पैसे आले की माणसाला वाटते, मी इतकी केविलवाणी दिसले का? त्यात ती राबते तुमच्याच भागात. उद्या जिन्यात गाठ पडली तर तुम्ही ओळख दाखवाल का, हा तिचा घोर आहे, आणि तो दहा हजारांनी मिटत नाही.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र मला फार लागले: 'थोडे हातपाय हलवले असते तर तेही वर आले असते.' तुमच्या घरी महिन्याला पगार यायचा, त्यांच्याकडे फेरीमागे पैसे. तुमच्या शिक्षणाची फी त्या पगारातून गेली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे थोड्याफार सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळे ठप्प झाले. ट्रक दारात उभा आणि कर्जाचा हप्ता चालू, अशी किती घरे तुमच्या तालुक्यात झाली ते तुम्हीही पाहिले आहे. यात आळस कुठे आला? ते वाक्य मनातून काढूनच तिच्याकडे जा. तोंडाने बोलला नाहीत तरी ते तुमच्या बसण्या-उठण्यात तिला दिसेल.

फोन पुरे. गणेश चवथीच्या आधी एखाद्या रविवारी तिच्या घरी जा. ती देईल तो चहा घ्या, 'कशाला त्रास' म्हणू नका. आणि तिच्याकडे काहीतरी मागा. गणपतीवर फळे-पाने टांगतात त्या माटोळीसाठी कांगलांसारखी रानफळे, सुपारीची शिपटी (घोस) तुम्ही बाजारातून आणत असाल. रानात कांगलां कुठे मिळतात हे तिला पाठ असेल. बरोबर येतेस का, विचारा.

नवऱ्याच्या आजाराचा विषय तिने काढला, तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे का ते बघा. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला ४ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एक दिवस रजा टाकून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहा. कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे विचारायला सोबत कुणी असले की निम्मा ताण जातो.

तिने कधी पैसे मागितले तर उसने म्हणून द्या, आणि ती फेडायला आली की मुकाट्याने घ्या. 'राहू दे गं' म्हणालात की पुन्हा मागणार नाही.

पर्वरीत दिसली तर नावाने हाक मारा, सोबत कोणीही असो. तिच्या मालकिणीसमोर मात्र मैत्रीण म्हणून ओळख करून देण्याआधी तिला विचारा. तिथे तिला ते नको असू शकेल, आणि ते ठरवायचे तिने.