वाचकांचे प्रश्न : एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली

प्रश्न : गेल्या महिन्यात घरच्या डेस्कटॉपमध्ये एम.२ प्रकारची, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी, एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून घेतली आणि १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवरील विंडोज क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी प्रत काढून, तिच्यावर घेतली. तेव्हापासून जुनी डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. आजोबांच्या मोडी पत्रांचे स्कॅन तिच्या दुसऱ्या पार्टिशनवर (भागावर) आहेत. डिस्क निकामी झाली आहे, फॉरमॅट करून पाहू, असे दुरुस्ती करणारे म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू देऊ नका. एसएसडी बसवल्याच्या दिवसापासूनच डिस्क दिसत नाही, याचा अर्थ दोष डिस्कपेक्षा जोडणीत किंवा विंडोजच्या नोंदीत असण्याची शक्यता अधिक आहे.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि तेथील यादीत जुन्या डिस्कचे नाव आहे का, ते पाहा. पुढचे सारे या एका उत्तरावर ठरते, कारण बायोसला न दिसणारी डिस्क विंडोजमध्ये कितीही शोधली तरी सापडणार नाही.

नाव नसेल, तर मदरबोर्डची पुस्तिका काढा. अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखाद-दुसरा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावण्याची जागा) डेटाच्या एकाच मार्गिकेवर असतात. स्लॉटमध्ये एसएसडी बसली की तो पोर्ट आपोआप बंद होतो. कोणता पोर्ट बंद होतो, हे पुस्तिकेत दिलेले असते. संगणक बंद करून, वीजपुरवठ्याची वायर काढून, डिस्कची साटा केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. एसएसडी बसवताना हात लागून डिस्कची पॉवर केबल सैल झाली असेल, तर तीही याच वेळी घट्ट बसवा. जुन्या डिस्कवर अजून जुनी विंडोज आहे, त्यामुळे बायोसमधील बूट क्रमात (संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावा त्या क्रमात) एसएसडी पहिली आहे याची खात्री करून मगच पुढे जा.

नाव बायोसमध्ये असेल, तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. आपण क्लोन केले आहे, म्हणून मला येथे अधिक संशय येतो. क्लोन करताना मूळ डिस्कची ओळखसंख्याही नव्या डिस्कवर उतरू शकते, आणि एकाच ओळखीच्या दोन डिस्क आढळल्या की विंडोज त्यांपैकी एकीला ‘ऑफलाइन’ ठेवते. तसे लिहिलेले दिसल्यास त्या डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करून ‘ऑनलाइन’ निवडा. विंडोज तिला नवी ओळखसंख्या देते, फायलींना धक्का लागत नाही. डिस्क ‘ऑनलाइन’ असून पार्टिशनला केवळ अक्षर (‘डी:’, ‘ई:’ असे) नसेल, तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून ते द्यावे.

मात्र तेथे ‘नॉट इनिशलाइज्ड’ किंवा ‘रॉ’ (विंडोजला डिस्कवरील मांडणी वाचता येत नाही) असे आले, तर विंडोज विचारील त्या ‘इनिशलाइज’ वा ‘फॉरमॅट’ला होकार देऊ नका. नव्या, रिकाम्या डिस्कसाठी ती योग्य पायरी आहे. आपल्या डिस्कवर तीच पत्रांच्या मुळावर येईल. डिस्कमधून लयबद्ध टिकटिक ऐकू येत असल्यास ती वारंवार सुरू करून पाहण्याचा मोह टाळा आणि डेटा रिकव्हरीचेच काम करणाऱ्याकडे न्या.

डिस्क दिसू लागली की त्याच बैठकीत पत्रांच्या दोन प्रती काढा, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवा.