तीच खाज आली म्हणून तीच गोळी नको

प्रिय बाळा,

काल रात्रीचा तुझा मेसेज सावकाश वाचला. या वर्षात हे तिसऱ्यांदा. तीच खाज, लघवी करताना आग, फाटलेल्या दुधासारखं पांढरं जाणं, आणि अभ्यासिकेत तासभर बसणंही नकोसं. दर वेळी रूममेटने सांगितलेली एक गोळी मेडिकलमधून आणायची, चार दिवस बरं वाटायचं, आणि पुढच्या कुठल्या तरी पाळीआधी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी तू विचारलं आहेस, "मी एवढी स्वच्छता ठेवते, मग माझं काय चुकतंय?"

आधी याचंच उत्तर देते. तुझं काही चुकलेलं नाही. कँडिडा नावाची ही बुरशी शंभरातल्या दहा-वीस निरोगी बायकांच्या योनीत कसलाही त्रास न देता नांदत असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. तो तोल ढळला की ती वाढते, आणि मग जागा लाल होते, सुजते, खाजते. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. अशा बायका शंभरात पाचांहून कमी असतात. त्यातल्या पुष्कळ जणींत बोट ठेवावं असं कारणच सापडत नाही; बुरशी थोडीशी वाढली तरी काहींचं शरीर तिच्यावर जोरात चिडतं. त्याचा तुझ्या अंघोळीशी, साबणाशी किंवा चारित्र्याशी काही संबंध नाही. हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार म्हणून धरला जात नाही, हेही ऐकून ठेव. लग्न झालेल्या मुलींच्या घरी या एका गैरसमजापायी किती संशय शिरतो ते मी पाहत आले आहे.

पाळीच्या आधी त्रास उफाळतो हे तू टिपून ठेवलंस, ते फार कामाचं आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या बुरशीला मानवतं. म्हणून पाळी सुरू न झालेल्या मुलींत आणि पाळी कायमची थांबलेल्या बायकांत हा त्रास कमी दिसतो, गरोदरपणात जास्त. अनेकींना पाळीआधीच्या आठवड्यात वाढतं आणि पाळी आली की उतरतं. कधी कधी गोळीने बरं वाटलं असं आपण म्हणतो, आणि खरं श्रेय पाळीचं असतं.

आता मुख्य गोष्ट. चौथ्यांदा अंदाजाने गोळी घेऊ नकोस. या वेळी त्रास सुरू झाला की औषध घेण्याआधी तपासून घे.

खाज आणि पांढरं जाणं म्हणजे यीस्टच (हीच कँडिडा बुरशी) असं नसतं. अमेरिकेत दुकानातून स्वतःच यीस्टचं औषध विकत घेणाऱ्या बायकांना तपासलं, त्याचा अभ्यास २००२ साली छापून आला. फक्त यीस्टचा संसर्ग निघाला तो जेमतेम तिघींत एकीला. बाकीच्यांना जिवाणूंचा तोल बिघडलेला, कुणाला ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संसर्ग, कुणाला मिश्र संसर्ग, काहींना तर संसर्गच नाही. जिवाणूंचा बिघाड असेल तर स्राव पातळ, करडा आणि माशासारख्या वासाचा असतो, खाज फारशी नसते. यीस्टला तसा वास नसतो. सुगंधी पॅडची, इंटिमेट वॉशची किंवा केस काढायच्या क्रीमची ॲलर्जीसुद्धा हुबेहूब अशीच खाजते. आणि महिन्याच्या मध्यावर येणारा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव तर कुठलाच आजार नाही. "अंगावरून पांढरं गेलं की हाडं झिजतात" हे तू आजीकडून ऐकलं असशील. हाडं अजिबात झिजत नाहीत.

तपासणी साधी आहे. कापसाच्या काडीने स्राव घेतात, त्याला स्वॅब म्हणतात. कागदाच्या पट्टीने आम्लता पाहतात. यीस्टमध्ये ती सहसा नेहमीसारखीच, म्हणजे पीएच साडेचारच्या आत असते, जिवाणूंच्या बिघाडात त्याच्या वर जाते. मग काचेच्या पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या कळ्या आणि धागे शोधतात. पण ही काचेवरची तपासणी बऱ्याचदा चुकते. बुरशी असूनही सुमारे निम्म्या वेळा ती दिसत नाही. म्हणून तुझ्यासारखीला कल्चर, म्हणजे स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत उगवून पाहणं, हवंच. डॉक्टरांना स्पष्ट सांग, "फंगल कल्चर करा आणि कुठली प्रजाती आहे तेही लिहून द्या." यावर मी एवढा जोर देते, कारण बहुतेक वेळा कँडिडा आल्बिकन्स निघते आणि ती नेहमीच्या गोळीला दाद देते, पण कँडिडा ग्लाब्राटा निघाली तर तीच गोळी महिनोन्‌महिने घेऊनही फार काही साधत नाही.

सोबत रक्तातली साखर बघ, एचबीएवनसी या गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या चाचणीसकट. तुझ्या आईला मधुमेह आहे, म्हणून वय लहान असलं तरी टाळू नकोस. डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सुचवतील. घाबरू नकोस, वारंवार होणाऱ्या संसर्गात ती विचारली जाते. (आईलाही विचार: मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का? या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात आणि काही जणींना त्यामुळे हीच खाज सुरू होते. ती बिचारी आपणहून कुणाला सांगणार नाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांच्या कानावर घालायचं.)

तू दवाखान्यात का जात नाहीस ते तू लिहिलं नाहीस, पण मला कळतं. "लग्न झालंय का?" हा प्रश्न, शेजारच्या खुर्चीवरचे कान, आणि आतून तपासतील याची भीती. तर नीट ऐक. स्वॅब घ्यायला आत उपकरण घालावंच लागतं असं नाही. पातळ काडी योनीच्या तोंडापासून थोडी आत फिरवली तरी काम होतं, आणि ती तू पडद्याआड स्वतःसुद्धा घेऊ शकतेस. "मला उपकरण नको, स्वॅब मी स्वतः घेते" असं म्हणायचा तुला हक्क आहे. लैंगिक संबंध आले असतील तर ते खरं सांग, कारण त्यावरून आणखी कुठल्या तपासण्या करायच्या ते ठरतं. ते ऐकून उपदेश सुरू झाला तर उठ आणि दुसरीकडे जा. खाजगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत अशाच संसर्गांसाठीचं 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, नाव गुप्त राहतं.

हा संकोच तुझ्या एकटीचा नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली, ती जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. त्या बायकांना दवाखाना जवळ नव्हता. तुझ्या खोलीपासून तो दहा मिनिटांवर आहे.

आता औषधाचं. साध्या, एखाद्या वेळी होणाऱ्या संसर्गाला फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी पुरते. दोन्ही सारख्याच चालतात, त्यामुळे आत गोळी ठेवणं नकोसं वाटत असेल तर मन मारू नकोस. वारंवार होणाऱ्याला मात्र एक गोळी म्हणजे नुसतं दाबून ठेवणं. आधी तो पूर्ण आटोक्यात आणायचा: १५० मिलिग्रॅमची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. मग आठवड्यातून एक गोळी, सलग सहा महिने. इथे मुली कंटाळतात. महिन्याभरात खाज गेलेली असते, परीक्षा जवळ येते, गोळी राहते. २००४ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात या पद्धतीने सहा महिन्यांनंतर शंभरातल्या नव्वद बायका त्रासाविना होत्या; औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत छत्तीसच. पण औषध थांबवून सहा महिने झाल्यावर नव्वदच्या त्रेचाळीस उरल्या. म्हणजे कोर्स संपल्यावर पुन्हा झालं तर हताश व्हायचं नाही. पुन्हा तपासायचं आणि तोच कोर्स पुन्हा लावता येतो.

हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीने. तुला चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव त्यांना सांग, पित्ताची आणि उलटीचीसुद्धा, कारण फ्लुकोनाझोलचं काही औषधांशी जमत नाही. यकृताचा जुना आजार असेल तर तेही. पुढे कधी दिवस राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. गरोदरपणात सात दिवस लावायचंच औषध देतात. आणि गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी खाज आहे म्हणून दुसरी घेऊ नकोस, दोन-तीन दिवस जाऊ दे.

ग्लाब्राटा निघाली तर बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल योनीत ठेवायला देतात, रोज एक, तीन आठवडे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण कॅरमवर टाकायची पावडर म्हणजेच बोरिक आणि ती घरी भरून वापरायची, असले सल्ले फिरतात. तसं करायचं नाही. तोंडावाटे पोटात गेलं तर बोरिक ॲसिड विष आहे, गरोदरपणात तर पूर्ण वर्ज्य. कॅप्सूल मोजून भरलेली हवी आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवलेली.

मेडिकलवाला पुढे करतो ती दोन पाकिटं ओळखायला शीक. एक म्हणजे तीन औषधांचं किट: अझिथ्रोमायसिन, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल एकत्र. निदान न करता सगळ्यावर एकदम गोळीबार. त्यातलं अँटिबायोटिक तुला नको असताना पोटात जातं, आणि अँटिबायोटिकनंतर काही जणींत हीच बुरशी उफाळते. घसादुखीला अँटिबायोटिक लिहून मिळालं तरी आधी सांग की तुला असं होतं. दुसरं म्हणजे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र केलेली ट्यूब. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ठेवून दे. पहिल्या दिवशी स्वर्ग वाटतो, खाज गायब होते, पण आठवडे लावत राहिलं की तिथली कातडी पातळ होते आणि बुरशी आतल्या आत पसरते. २०१८ पासून अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, तरी ती मिळतातच.

सवयींबद्दल थोडक्यात, कारण त्यांचं महत्त्व लोक वाढवून सांगतात. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत काहीही धुवायचं नाही, डेटॉल नाही, तुरटी नाही, इंटिमेट वॉश नाही. लसूण, दही आत ठेवू नकोस. दही खा, छानच आहे, पण त्याने हा आजार बरा होतो असा पुरावा नाही. साखर सोडून उपाशी राहायची गरज नाही. जीन्सऐवजी अभ्यासाला सैल सलवार घाल आणि रात्री आतले कपडे काढून झोप. तुमच्या हॉस्टेलच्या दोरीवर मी पाहिलं आहे, निकर ओढणीखाली, ओढणीवर टॉवेल. पावसाळ्यात ती दोन दिवसांनीही ओलसरच असते आणि तशीच अंगावर चढते. उघडी वाळत घाल. कुणी बघितलं तर बघू दे. ऊन नसेल तर इस्त्री फिरव.

ताप आला, ओटीपोटात दुखलं, घाणेरडा वास आला, फोड उठले किंवा मध्येच रक्त गेलं, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आत्ता तुझी गोळी घेऊन आठवडाच झाला आहे, म्हणून कल्चर आज केलंस तर बुरशी असूनही कदाचित उगवणार नाही. साखर या आठवड्यात बघून घे. खाज पुन्हा सुरू झाली की पहिल्या दोन दिवसांत स्वॅब दे, कल्चरचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर आग असह्य झाली तर गार पाण्याची ओली पट्टी ठेव आणि धुतल्यावर साधं व्हॅसलीन लाव, पण स्वॅब दिल्यावरच. रिपोर्टचा फोटो मला पाठव. आठवड्याची गोळी सुरू झाली तर तिचा वार रविवार ठरव. तुमची मेस रविवारी रात्री बंद असते, तेवढ्यावरून तरी आठवण राहील.

तुझी,
डॉक्टर मावशी