शोषखड्डा श्रावणातच का तुंबतो?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी सहकुटुंब वर्धा जिल्ह्यातील मूळ गावी राहायला आलो. घरात आम्ही पाच माणसे आहोत. २३ फेब्रुवारीला, गाडगेबाबांच्या जयंतीला, गावातील काही मंडळींनी दर रविवारी सकाळी दोन तास श्रमदान करण्याचे ठरवले आणि मे अखेरपर्यंत आम्ही सांडपाण्याचे १२ शोषखड्डे खणले. त्यांतील एक माझ्या सांदवाडीत, म्हणजे परसात आहे. उन्हाळाभर त्याने पाण्याचा थेंब वर दिसू दिला नाही. आता श्रावणात मात्र तो तुडुंब भरून न्हाणीचे पाणी अंगणात येते. त्यातच मृगाआधी छपराची कवेलू (कौले) फेरायचे राहून गेल्यामुळे माजघर गळते आहे. ‘लोकांचे खड्डे खणून झाले असतील तर आता घराकडेही पाहा,’ असे सौभाग्यवती रोज सुनावतात. खड्ड्याचे काय चुकले आणि घर व श्रमदान यांचा मेळ कसा घालावा?

उत्तर : खणाई बरोबरच झाली असावी, तुम्हाला फसवले ते मे महिन्याने. काळी भारी जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खड्ड्यात सोडलेले पाणी त्या भेगांतून गडप होते. दोन-चार दमदार पाऊस झाले की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि शोषखड्ड्याचा हौद होतो. हिशोब करून पाहा. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे तुमच्या घरात २७५ लिटर, आणि त्यातले बहुतेक सांडपाणीच होते. १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा १००० लिटरचा खरा, पण दगड भरल्यावर मधल्या पोकळीत जेमतेम ४०० लिटर मावते. तळ पाणी पीत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी ते अंगणात येणार.

पाऊस उघडल्यावर, साधारण दिवाळीनंतर, दगड उपसून तळ आणखी खणावा आणि सब्बलीला मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा पाणी जिरवणारा भरड थर, लागतो का, ते पाहावे. मुरूम लागल्यास तळात फूटभर खोल खळगा करून तो पाण्याने भरावा, रात्रभर मुरू द्यावा आणि सकाळी पुन्हा भरावा. हे दुसरे पाणी दुपारपर्यंत जिरले, तरच ती जागा कामाची. पहिल्या पाण्यावर भरवसा ठेवू नये, कोरडी माती पहिले पाणी सगळ्यांनाच पिऊन दाखवते. भरताना तळाशी मोठे डबर, त्यावर मध्यम दगड, त्यावर गिट्टी आणि तोंडाशी बुडाला छिद्रे पाडलेले मडके बसवून त्यात नारळाच्या शेंड्या घालाव्यात. भांड्यांची राख, शिते आणि साबणाचा चिकटा तिथेच अडकतो. मात्र शेंड्या आठवड्याला धुतल्या नाहीत, तर मुरुमातला खड्डाही पुढे बुजतोच. पाच-सहा फुटांवरही मुरूम लागला नाही, तर खड्ड्याचा हट्ट सोडावा आणि पाणी उथळ चरीने केळी, कर्दळ व धोप्याच्या (अळूच्या) वाफ्यात न्यावे. संडासाचे पाणी मात्र यांपैकी कशातही सोडू नये. खड्डा विहिरीपासून १० मीटरच्या आत नसावा आणि भिंतीलगतही नसावा, कारण फुगणारी-आकसणारी माती पाया हलवते.

कवेलूंचे म्हणाल तर आत्ता वर चढूच नये. ओल्या, शेवाळलेल्या कवेलूंवर पाय तर घसरतोच, शिवाय एक बदलताना चार फुटतात. सध्या गळतीच्या जागेवर ताडपत्री टाकून भागवावे आणि पुढच्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घर फेरून घ्यावे. (वानरांच्या टोळीचा तुमच्या छपरावरून रस्ता असेल, तर थोडी कवेलू शिल्लक ठेवलेली बरी.)

सौभाग्यवतींचे बोलणे मला अर्धेच पटते. तुमचा खड्डा आणि गावातले बाकीचे ११ खड्डे एकाच हंगामात, बहुधा एकाच प्रकारच्या मातीत खणलेले आहेत. तेव्हा तुमच्या अंगणातले पाणी ही घरगुती कटकट तर आहेच, पण त्या ११ घरांची खबरही आहे. त्या घरांतल्या बायका चिखलातून ये-जा करत असतील आणि फुकट काम करून गेलेल्यांना नावे कशी ठेवायची, म्हणून गप्प बसल्या असतील. श्रमदानात नवा खड्डा खणण्याचा उत्साह असतो, फोटोही निघतात. जुना खड्डा उघडून पाहायला मात्र कोणी येत नाही. तेव्हा येत्या रविवारी नवे काम घेऊ नका. बांबूची काठी घेऊन १२ ही खड्डे फिरा, कोणात किती पाणी उभे आहे ते वहीत लिहा आणि ज्यांच्या जवळ विहीर किंवा हातपंप आहे, ते आधी पाहा. दिवाळीनंतरची दुरुस्ती तुमच्या सांदवाडीपासून सुरू करायला संकोच वाटू देऊ नये. मुरूम किती खोल आहे, हे पहिल्यांदा स्वतःच्या घरी चुकून शिकलेले बरे.