डावखुऱ्याचा बँजो: कर्ज काढून आत्ता, की दीड वर्षाने रोखीने?

प्रश्न: मी म्हापशाचा, डावखुरा. ऑक्टोबर ते मार्च कांदोळी-कळंगुटच्या हॉटेलांत गिटार वाजवतो, एरवी शिकवण्या घेतो. साध्या डाव्या, पाच तारांच्या अमेरिकन बँजोवर ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) शिकलो, आता व्यावसायिक दर्जाचा घ्यायचा आहे. अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या मॉडेलची किंमत ३,६०० डॉलर, म्हणजे साधारण सव्वातीन लाख. तेवढं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळतंय. त्यांचंच साधं मॉडेल २,४०० ला आहे. तिसरा मार्ग म्हणजे उजव्या हाताचा वापरलेला बँजो घेऊन त्यात बदल करून तो डाव्या हाताचा करून घेणं. घरखर्च महिना ३२,०००, एफडी २,८०,०००, मुलीच्या नावे छोटी एसआयपी. सीझनला महिना २५,००० उरतात, इतर सहा महिने जेमतेम ५,०००. बँजोमुळे कार्यक्रमामागे १,५०० जास्त मिळतील, आणि असे कार्यक्रम सीझनला चाळीसेक होतील. काय करू?

उत्तर: बँजो घ्या. पण ३,६०० चा नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

आधी खरी किंमत पाहू. सोयीसाठी डॉलर ९० रुपये आणि विम्यासह विमानाने पाठवणी २५० डॉलर धरतो. वाद्य आणि पाठवणी मिळून ३,४६,५०० रुपये झाले. कस्टम्स ड्यूटी नुसत्या वाद्यावर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर लागते. अंदाजासाठी १० टक्के ड्यूटी, त्या ड्यूटीवर १० टक्के अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) धरला, तर एकूण ३१ टक्के, म्हणजे १,०७,००० च्या आसपास होतात. कार्डाचा परकी चलनाचा मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) ३.५ टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून आणखी १४,०००. सव्वातीन लाखांचं वाद्य घरी येईपर्यंत ४,६८,००० ला पडतं. वर एक धोका आहे. कुरिअरवाल्याने पार्सल 'वैयक्तिक आयात' या सदरात टाकलं तर दर वेगळा लागतो. पैसे भरण्याआधी ते कोणत्या सदरात आणि किती टक्क्यांनी सोडवणार, हे त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घ्या. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डरच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

आता कर्ज. सव्वातीन लाखांचा हप्ता महिना ११,१०० पडतो आणि तीन वर्षांत व्याजाचे सुमारे ७५,००० जातात. व्याजापेक्षाही हप्त्याचं वेळापत्रक तुम्हाला जड जाईल. एप्रिल ते सप्टेंबर तुमच्याकडे ५,००० उरतात, म्हणजे दर महिन्याला ६,१०० कमी पडणार. सहा महिन्यांचे हे ३६,६०० दर वर्षी सीझनच्या शिलकीतून आधीच बाजूला ठेवावे लागतील, नाहीतर एफडी मोडावी लागेल. शिवाय कर्ज सव्वातीन लाखांचं आणि खर्च पावणेपाचचा, म्हणजे वरचे १,४३,००० पहिल्याच दिवशी त्याच एफडीतून जातील. उत्पन्न असं सीझनवर अवलंबून असलेल्या घरात आठ महिन्यांचा खर्च बाजूला हवा. तुमच्या बाबतीत ते २,५६,००० होतात. एफडीत खरे मोकळे फक्त २४,००० आहेत.

पैसे कुठे घालायचे, हे वाद्याच्या रचनेवरून ठरवा. ब्लूग्रास बँजोचा तो दणदणीत, दूरवर पोचणारा आवाज येतो पॉटमधून, म्हणजे गोल धडातून: ११ इंची हेडखालची (ताणलेल्या पडद्याखालची) बेल ब्रॉन्झची फ्लॅटहेड टोन रिंग, म्हणजे काशाचं जड कडं (वजन सव्वा किलोच्या पुढेच), तिच्याखाली थरांची मेपल रिम (लाकडी चौकट) आणि मागे रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारी लाकडी थाळी). स्वस्त वाद्यात ही रिंग नसते किंवा तिच्या जागी पातळ कडं असतं, आणि ती उणीव नंतर सेटअपने (तारा-ब्रिजच्या जुळवणीने) भरून निघत नाही. उलट सोन्याचा मुलामा, शिंपल्याची नक्षी, कोरीव हील (मान धडाला जुळते तो भाग) यांतून आवाज निघत नाही. म्हणून २,४०० च्या मॉडेलबद्दल विक्रेत्याला एकच गोष्ट नेमकी विचारा: रिंग आणि रिम महागड्या मॉडेलचीच आहे का? उत्तर 'हो' असेल, तर वरचे १,२०० डॉलर फक्त दिसण्याचे. 'नाही' असेल, तर हे मॉडेल सोडा आणि रिंग तीच पण नक्षी नसलेलं दुसरं शोधा. या किमतीला ते वाद्य घरी सुमारे ३,२२,००० ला येतं. जास्तीच्या तारा, हेड, ब्रिज (तारा पेलणारी घोडी), आर्द्रतामापक वगैरे २०,००० धरले, तर एकूण ३,४२,०००.

तिसरा पर्याय ऐकायला फार आकर्षक आहे, कारण पॉट जवळजवळ दोन्ही हातांना चालतो. रिंग, रिम, रेझोनेटर गोलच असतात, आर्मरेस्ट काढून दुसऱ्या बाजूला बसतो. अडतं ते नेकवर, म्हणजे मानेवर. पाचव्या तारेची खुंटी पाचव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या पाचव्या आडव्या पट्टीपाशी), नेकच्या बाजूलाच बसवलेली असते. गिटारसारख्या तारा उलट्या लावल्या तर ती खुंटी खालच्या अंगाला जाते आणि अंगठ्याची तार अंगठ्याकडे राहत नाही. म्हणजे डावा नेक नव्याने करून घ्यावाच लागतो, आणि त्याची हील त्याच रिमला नेमक्या कोनात बसली नाही, तर तारा कायम उंच राहतात. त्यात वापरलेला माल कुरिअरने आणणं आयातीच्या नियमांत अडकू शकतं. अमेरिकेहून येणारा नातेवाईक बॅगेजमधून आणणार असेल आणि सवलतीच्या मर्यादेवरची ड्यूटी रीतसर भरणार असेल, तरच याचा विचार करा. या मार्गाचा एक मोठा फायदा मात्र खरा आहे: पुढे विकायची वेळ आली, तर पॉटला उजव्या हाताचा गिऱ्हाईकही मिळतो. आख्ख्या डाव्या बँजोला भारतात गिऱ्हाईक शोधणं फार कठीण. म्हणून हिशेबात त्याची पुनर्विक्री किंमत शून्य धरा.

कार्यक्रमामागे १,५०० प्रमाणे ३,४२,००० वसूल व्हायला २२८ कार्यक्रम लागतील, म्हणजे जवळजवळ सहा सीझन. गुंतवणूक म्हणून हे फार संथ आहे. पण तुम्ही वाजवता, त्यावर घर चालवता, आणि साध्या वाद्याची मर्यादा तुमच्या हाताला कळू लागली आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या हत्याराला सहा सीझन देणं मला रास्त वाटतं. नफा-तोट्याचा हिशेब ठेवून विवरणपत्र भरत असाल, तर १५ टक्के घसारा घ्या (खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल तर त्या वर्षी निम्मा). गृहीत उत्पन्नाच्या पद्धतीने (ठराविक टक्के नफा धरून) भरत असाल तर वेगळा घसारा मिळत नाही.

पैसे असे जमवा. येत्या ऑक्टोबरपासून सीझनला २५,००० आणि इतर महिन्यांत ५,००० बाजूला टाकले, तर अठरा महिन्यांत, म्हणजे दुसऱ्या सीझनच्या मार्चअखेर ३,३०,००० होतात. त्यात एफडीतले मोकळे २४,००० घाला. डॉलर चढला तर लागतील म्हणून वरचे १२,००० राखून ठेवा. आरडी नको, तिचा हप्ता ठरलेला असतो आणि तुमची कमाई तशी नाही. बँकेची स्वीप एफडी (खात्यातली जादा रक्कम आपोआप एफडीत जाते ती सोय) किंवा लिक्विड फंड बरा. एसआयपीला हात लावू नका. आत्ताचा साधा बँजो विकू नका. ऐन कार्यक्रमात तार किंवा हेड गेलं तर तोच हाताशी असेल.

डाव्या हाताची वाद्यं सहसा तयार पडून नसतात, मागणीनुसार होतात. मार्चमध्ये ऑर्डर देताना माल ऑक्टोबरात पाठवायला सांगा. गोव्याच्या जून-जुलैत नवं लाकूड उघडलं की ते ओल पिते, नेकचा बाक बदलतो आणि तारांची उंची बिघडते. नंतरही केसमध्ये सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखा. किनाऱ्यावर वाजवून आलात की तारा, हुक (हेड ताणणारे) आणि टेलपीस (तारा अडकवायचा भाग) कोरड्या कापडाने पुसा. खाऱ्या हवेत निकेल मुलाम्यावर डाग पडतात आणि हुकांचे नट गंजून आवळतात, मग हेड एकसारखं ताणता येत नाही.

ऑर्डरमध्ये लेखी हवं: पाचवी खुंटी गिअरची, नट (मानेच्या टोकाला तारा टेकायची पट्टी) आणि बाजूचे ठिपके डाव्या हाताचे, सातव्या, नवव्या, दहाव्या फ्रेटला पाचव्या तारेसाठी स्पाइक (सूर चढवायला तार अडकवायचे बारीक खिळे) कारखान्यातच बसवलेले, ब्रिजची उंची, आणि बाविसाव्या फ्रेटवर तारांची उंची सुमारे ३ मिलिमीटर. बँजो बसवणारा कारागीर जवळपास मिळणं अवघड, म्हणून हे तिथूनच होऊन यावं. पाठवताना तारा ढिल्या, ब्रिज काढलेला, हेडस्टॉकखाली (खुंट्यांच्या टोकाखाली) भरपूर गादी. खोका व्हिडिओ काढतच उघडा. हेडस्टॉकमागची चीर, हीलची फट आणि सीरियल नंबर पाहून झाल्याशिवाय तारा ताणू नका. तडा दिसला तर त्याच दिवशी कुरिअर आणि विमा कंपनीला लेखी कळवा.