आधी भोकं मोजा, मग शीड उभारा

प्रश्न : मी नुकतीच २६ फुटी शिडाची होडी विकत घेतली. फायबरग्लासची आहे, जुनी. सध्या आवारात टेकूंवर उभी आहे, डोलकाठी खाली काढून ठेवली आहे. पंधरा दिवसांनी क्रेनने पाण्यात उतरवायची. आजवर दुसऱ्यांच्या होड्यांवर हाताखाली काम केलं, स्वतःची ही पहिलीच. तळाला रंग देऊन झाला. आणखी काय पाहू? आणि खरं सांगते, पोटात गोळा आलाय.

उत्तर : रंग सगळ्यांनाच आठवतो, कारण तो दिसतो. पण रंग वाईट लागला म्हणून होडी बुडत नाही. बुडते ती भोकांमुळे, आणि ती भोकं मुद्दाम पाडलेली असतात : इंजिन थंड करायला पाणी घेणारं, बेसिनचं, संडासाची दोन, वेग मोजणाऱ्या चक्रीचं, होडी पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचं. कागदावर होडीचा तळ काढा आणि बाहेरून दिसणारं एकेक भोक त्यावर मांडा. मग आत शिरून प्रत्येकाचं दुसरं तोंड शोधा. एखादं सापडलं नाही तर ते सापडेपर्यंत क्रेनवाल्याला तारीख देऊ नका.

बहुतेक भोकांवर झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. प्रत्येक सीकॉक हाताने उघडून, बंद करून बघा. अडकला असेल तर पाइप लावून जोर करू नका, दांडा मोडून हातात येतो. पितळी असेल तर एका कोपऱ्यात चाकूने ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबीसर, तांब्यासारखं दिसलं तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लंय. असा सीकॉक बाहेरून धडधाकट वाटतो आणि एक दिवस बिस्किटासारखा तुटतो. तो बदलायचाच, त्यात घासाघीस नको. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक रबरी नळीला दोन-दोन क्लॅम्प हवेत. क्लॅम्प वरून चकचकीत असतो, गंज खालच्या बाजूला धरतो, तेव्हा छोटा आरसा घेऊन बसा. प्रत्येक सीकॉकशेजारी त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवा. नळी निसटली की खुंटी शोधायला वेळ नसतो.

रंगाचं एवढंच : तळाच्या जस्ताच्या तुकड्यांवर रंग लागला असेल तर खरवडून काढा. ते स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात, रंगवलेले काहीच करत नाहीत. निम्मे झिजले असतील तर नवे लावा. टेकूंखालच्या जागा कोऱ्या राहिल्या असतील, त्या होडी क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असताना रंगवून घ्या. टेकू स्वतः हलवायच्या फंदात मात्र पडू नका.

डोलकाठी खाली आहे हे तुमचं नशीब. तिला धरून ठेवणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तिथे तारेतला एखादा धागा तुटलाय. तार टोकाच्या धातूच्या नळीत शिरते तिथे भिंगातून बघा, तडे तिथूनच सुरू होतात. तारांचं वय विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर त्या जुन्याच समजा. डोलकाठी उभी करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे एका माणसाने नुसतं तेवढ्यासाठीच उभं राहून बघायचं.

उतरवायच्या दिवशी क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा की होडी तरंगली तरी पट्टे सोडायचे नाहीत. टॉर्च घेऊन आत जा आणि कागदावरचं एकेक भोक तपासा. कोरड्या बोटाने चाचपा, डोळ्यांवर भिस्त नको. पंख्याच्या दांड्याला रबरी भात्याचं सील असेल तर ते दाबून आतली हवा काढा, नाहीतर सील कोरडं फिरून जळतं. इंजिन सुरू करा, धुराड्यातून पाणी पडतंय का बघा. मगच पट्टे सोडा. रात्री झोपण्यापूर्वी आतला तळ पुन्हा एकदा बघून या, पाणी साचलंय का.

आता पोटातल्या गोळ्याकडे येऊ. माझ्या मते उतरवायच्या दिवशी शीड उभारूच नये. त्या दिवशी माणूस दमलेला असतो आणि भोवती बघे जमलेले असतात. पुढे एखाद्या बिनवाऱ्याच्या सकाळी, धक्क्याला बांधलेल्या होडीवरच शिडं चढवा, उतरवा, शीड आखूड करायचा सराव हात बसेपर्यंत करा. वारा वाढल्यावर हे शिकता येत नाही. मग इंजिनवर बाहेर जा. न्यूट्रल केल्यावर होडी किती पुढे सरकते, मागे घेताना मागचा भाग कुठे ओढला जातो, हे समजून घ्या. शिडाची पहिली फेरी ७ ते १० नॉट (ताशी साधारण १३ ते १८ किलोमीटर) वाऱ्यात पुरे.

बोलाइनची, म्हणजे दोराला न आवळणारा फास करणारी गाठ, हात पाठीमागे धरून मारता आली पाहिजे. आपोआप फुगणारं लाइफजॅकेट असेल तर त्यातला सिलिंडर काढून वजनकाट्यावर ठेवा. त्यावर कोरलेल्या वजनापेक्षा कमी भरला तर बदला. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर कामाचं नाही. आणि शांत, उथळ पाण्यात, कुणी सोबत असताना, जॅकेट घालून पाण्यात उतरा आणि एकटीने परत वर चढून दाखवा. कित्येक होड्यांची शिडी वरूनच सोडता येते. पाण्यातल्या माणसाच्या हाताला ती लागत नसेल तर ती असून नसल्यासारखीच.

प्रश्न : नवरा सोबत येईन म्हणतो, पण त्याला होडीतलं काही कळत नाही. काय शिकवू?

उत्तर : गाठी-बिठी राहू द्या. होडी थांबवायला शिकवा : शिडाचे दोर कुठले आणि ते सोडायचे कसे, इंजिन कसं चालू करायचं. रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलवर ‘मेडे’ (जीव धोक्यात असल्याची हाक) तीनदा म्हणून होडीचं नाव, ठिकाण आणि माणसं किती हे कसं सांगायचं. हे मजकुरासकट कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. पाण्यात पडणारी व्यक्ती तुम्हीच असू शकता.

प्रश्न : होडीचं जुनं नाव मला आवडत नाही. बदलल्यास अपशकुन होतो म्हणतात. खरं का?

उत्तर : खुशाल बदला. फक्त नोंदणी, विमा, रेडिओचे कागद, लाइफबॉय (बुडणाऱ्याला टाकायचं कडं), सगळीकडे एकदमच बदला. संकटात तुम्ही एक नाव पुकारलं आणि शोधणाऱ्यांच्या यादीत दुसरंच निघालं, तर ते नसलेली होडी शोधत बसतील.