सुटून आलेल्याला पोलिसांत नाव नोंदवावे लागते का?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याखाली पाच वर्षांची सक्तमजुरी झाली होती. ती भोगून ते पुढच्या महिन्यात बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या कारागृहातून सुटतील. अमेरिकेत राहणारा माझा मावसभाऊ म्हणतो की, अशा माणसाला पोलिसांत नाव नोंदवून वर्षानुवर्षे हजेरी द्यावी लागते. आपल्याकडेही तसे आहे का? गावातल्या काही जणांनी त्यांचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरवायचे ठरवले आहे. दीर मात्र कोल्हापुरात शाळेची व्हॅन चालवायचे म्हणतात. महाराष्ट्रात कोणी चौकशी करणार नाही, असा त्यांचा समज आहे. शिवाय त्यांना पासपोर्टही काढायचा आहे; तो मिळेल का? – एक वाचक, खानापूर तालुका (कर्नाटक)

उत्तर : ताई, तुमचे मावसभाऊ सांगतात ते अमेरिकेपुरते खरे आहे. तेथील २००६ च्या संघीय कायद्याप्रमाणे गुन्ह्याचे गांभीर्य पाहून १५ वर्षे, २५ वर्षे किंवा जन्मभर नोंदणी ठेवावी लागते, आणि ठरलेल्या मुदतीत स्वतः हजर राहून माहिती द्यावी लागते. आपल्याकडे सुटून आलेल्या माणसावर असे सरसकट बंधन नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची आहे. ती २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली तेव्हा तीत ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या. मात्र त्या नोंदी यंत्रणाच करते, आणि सूची पोलीस व तपास यंत्रणांनाच पाहता येते. गावकऱ्यांना किंवा शाळेला ती उघडता येत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यात जो पूर्वीही दोषी ठरला होता, त्याने सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता व त्यातील बदल कळवावा, असा आदेश न्यायालय शिक्षेसोबत देऊ शकते. तुमच्या दिरांचा हा पहिलाच गुन्हा असेल, तर हा प्रश्न येत नाही. तरीही निकालपत्र वकिलाकडून नीट समजून घ्यावे. ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असल्याने घरच्या घरी लावलेला अर्थ चुकू शकतो.

महाराष्ट्राबद्दलचा त्यांचा समज सर्वस्वी चुकीचा आहे. सूची देशभराची आहे, त्यामुळे सीमा ओलांडल्याने काहीही पुसले जात नाही. शिवाय २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. माझे मत विचाराल, तर पडताळणीत सापडण्याची भीती हे कारणच दुय्यम आहे. मुलांना नेण्या-आणण्याचे काम त्यांनी मागूच नये, आणि तुम्हीही त्यासाठी कोणाकडे शब्द टाकू नये. मालवाहू गाडी चालवण्यात अशी अडचण नाही.

छायाचित्राची बाब नाजूक आहे. दोषी माणसाचे नाव निकालात असतेच, पण लहान गावात त्याचा चेहरा फिरला की पीडित मुलगी कोण, हे सगळ्यांना उमगते. पीडित मुलाचे नाव, घर, शाळा, शेजार किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमातून उघड करणे पॉक्सोच्या कलम २३ ने मना आहे, आणि त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गावकऱ्यांना हे पोलीस ठाण्यातून सांगितलेले अधिक बरे. तुम्ही सांगितले, तर दिराची बाजू घेता असेच त्यांना वाटेल.

पासपोर्टबाबत : नैतिक अधःपतनाच्या (नीतीला काळिमा फासणाऱ्या) गुन्ह्यात दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कैद झाली असेल, तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षांच्या आत केलेला अर्ज नाकारला जातो. मुदत सुटकेपासून नव्हे, तर दोषी ठरल्याच्या तारखेपासून मोजावी. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात अपील चालू असेल, तर अर्जापूर्वी वकिलांना विचारावे, आणि कोणत्याही अर्जात शिक्षेचा रकाना कोरा सोडू नये, कारण माहिती दडवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.