कोविडचे सरकारी पैसे आणि ओव्हरडोसचे मृत्यू: फार्मसीच्या काउंटरवरून

तुमचे दोन प्रश्न आहेत. कॅनडात कोविडमध्ये सरकारने घरबसल्या पैसे दिले, ते ड्रग्जमध्ये गेले आणि म्हणून माणसं मेली, हे खरं का? आणि मुलगा व्हँकुव्हरला शिकायला जातोय, त्याला काय सांगू? मी तिथे मेथाडोन (अफूच्या जातीच्या नशेचं व्यसन सोडवायला रोज देतात ते औषध) देणाऱ्या एका फार्मसीत बरीच वर्षं काउंटरवर होते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही ऐकलंय त्यात तथ्य आहे, पण थोडंच. पैसे हातात आले की चार-पाच दिवस ओव्हरडोस वाढतात, हे कोविडच्या खूप आधीपासून माहीत आहे. महिन्यातल्या ज्या बुधवारी सरकारी मदतीचा चेक येतो, त्याला तिथे सगळेच 'वेल्फेअर वेन्सडे' म्हणतात. त्या दिवशी हेस्टिंग्ज स्ट्रीटवर, म्हणजे व्हँकुव्हरच्या ज्या रस्त्यावर ड्रग्ज घेणारे सर्वाधिक दिसतात तिथे, सायरनला उसंत नसते. पैशांअभावी मध्ये खाडा पडला की शरीराची सवय मोडते, मग नेहमीचाच डोस जीव घेतो.

कोविडमध्ये काम गेलेल्यांना एप्रिल २०२० पासून दर चार आठवड्यांना २,००० डॉलर मिळू लागले. वेल्फेअरवरच्या एकट्या माणसाला कोविडच्या आधी महिन्याला ७६० डॉलर मिळायचे, म्हणजे फरक केवढा बघा. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियातले, म्हणजे व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे तिथले, ओव्हरडोसचे मृत्यू हजाराच्या आतून १,७०० च्या वर गेले. लोक नेमकं इथेच बोट ठेवतात आणि थांबतात. पण ते पैसे सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाले, त्याजागी आलेली मदतही ऑक्टोबर २०२१ मध्ये संपली, आणि २०२३ मध्ये मृत्यू होते अडीच हजारांवर. पैशांनी माणसं मरत होती, तर पैसे थांबल्यावर आकडा खाली यायला हवा होता ना? अमेरिकेतही तेच. २०२० च्या एप्रिलात १,२०० डॉलरचे चेक निघाले, शेवटचा हप्ता २०२१ चा, आणि २०२२ मध्ये मृत्यू १,०७,००० च्या पुढे.

मग झालं काय? सीमा बंद झाल्या, माल मिळेनासा झाला, आणि जे मिळत होतं त्यात फेंटॅनिल (अफूच्या जातीचं, पण कितीतरी जास्त तीव्र औषध) किती असेल याचा भरवसा राहिला नाही. त्यात झोपेच्या गोळ्यांच्या जातीची औषधं मिसळलेली, ज्यांच्यावर नॅलोक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या ड्रग्जचा ओव्हरडोस उतरवणारं औषध, चालत नाही. आणि माणसं एकटी पडली.

आमच्याकडे एक ड्रायवॉलचं, म्हणजे घराच्या आतल्या भिंतींचे तक्ते बसवायचं, काम करणारा यायचा. काउंटरसमोर उभं राहून लाल, चेरीच्या चवीचं मेथाडोन प्यायचा, मग माझ्याशी दोन वाक्यं बोलायचा, कारण औषध गिळलंय हे आम्हाला बघावं लागतं. कोविडचे पैसे आले तसं त्याने थकलेलं भाडं भरलं, नवे बूट घेतले, मला पाय पुढे करून दाखवले. त्याच्या इमारतीत तेव्हा पाहुण्यांना बंदी होती. जूनमध्ये तो तीन दिवस आला नाही. खोलीचं दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता. त्या पैशांनी त्याला मारलं असं कुणी म्हटलं की मला ते बूट आठवतात. शेजारी कुणी असतं तर तो वाचला असता, असं मला आजही वाटतं. २०२० मध्ये त्या प्रांतात देखरेखीखाली ड्रग्ज घेण्याच्या केंद्रांत एकही मृत्यू झाला नाही. बहुतेक सगळे गेले ते चार भिंतींच्या आत.

पैसे एकाच बुधवारी न देता विभागून, वेगवेगळ्या दिवशी द्यायचा प्रयोगही व्हँकुव्हरमध्ये झाला. त्या एका दिवसाचा भडका कमी झाला, पण काहींचे हाल वाढले. म्हणजे तारीख बदलणं इतकं सोपं नाही.

आता मुलाचं. फार्मसीत नॅलोक्सोनचं किट फुकट मिळतं, नाव-गाव विचारत नाहीत. काळ्या छोट्या बॅगेत औषधाच्या तीन काचेच्या कुप्या, सुया, हातमोजे आणि तोंडावर धरायचा मास्क असतो. एक घेऊन ठेवायला सांगा. पार्टीत कुणी निळं पडलं, घोरल्यासारखा आवाज आला, हलवून जागं होत नसेल, तर आधी ९११ ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन, मग तोंडाने श्वास, दर पाच सेकंदांना एक, आणि मग मांडीत इंजेक्शन. कपड्यांवरून दिलं तरी चालतं. तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी कुपी. श्वास देणं मात्र मध्ये सोडायचं नाही.